लहान गांवांचें पुढें काय होणार?

(सायंकाळच्या अभ्यासवर्गासाठीं पाठ)

मुलें शिकून शहरीं गेलीं म्हणजे गांवांत कोण राहील, हा प्रश्न आज घरोघरीं विचारला जातो. नुसतें दुःख करून त्याचें उत्तर मिळणार नाहीं. म्हणून वाशीम जिल्ह्याचें उदाहरण घेऊन ह्या गोष्टीचा क्रमानें विचार करूं. २०११ सालच्या खानेसुमारीप्रमाणें ह्या जिल्ह्याची वस्ती सुमारे १२ लक्ष असून शंभरांतील ८२ माणसें खेड्यांत राहणारीं होतीं.

१. मान येतो आणि जातो

वाशीमचें प्राचीन नांव वत्सगुल्म. वाकाटकांच्या एका शाखेची ती राजधानी होती. ज्या हरिषेण राजाच्या काळीं, पांचव्या शतकांत, अजिंठ्याचीं कित्येक लेणीं कोरलीं गेलीं, तो ह्याच शाखेंतला. इंग्रजी अमलांत वाशीम हें जिल्ह्याचें ठिकाण होतें. १९०५ सालीं तो जिल्हा मोडून त्याचे तालुके अकोला व यवतमाळ ह्या जिल्ह्यांस जोडण्यांत आले. १ जुलै १९९८ रोजीं अकोल्यापासून वेगळा होऊन जिल्हा पुन्हां अस्तित्वांत आला. तरी २०१८ सालीं सरकारनें विशेष लक्ष देण्याजोग्या मागासलेल्या जिल्ह्यांची जी यादी केली तींत वाशीमचें नांव आलेंच. तेव्हां कचेरी आल्यानें गांवास मान मिळतो, परंतु तेवढ्यानें घरांत भाकर येत नाहीं.

२. रस्ता दोन्हींकडे चालतो

विसाव्या शतकाच्या आरंभीं मूर्तिजापुराहून कारंजा व दारव्हा ह्या मार्गानें यवतमाळास जाणारा अरुंद लोहमार्ग घालण्यांत आला. हीच ती ‘शकुंतला’ गाडी. वऱ्हाडचा कापूस वाहून नेणें हा तिचा हेतु होता. कापूस येथून गेला. कापड मात्र दूरच्या गिरण्यांत विणलें गेलें, व विणण्याची मजुरीहि तिकडेच राहिली. आतां ती गाडी बंद आहे.

तिच्या जागीं नवा मार्ग आला आहे. समृद्धि महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा भाग ११ डिसेंबर २०२२ रोजीं खुला झाला. तो कारंजा, मंगरूळपीर व मालेगांव ह्या तालुक्यांतून जातो. पण त्यावर ठराविक ठिकाणींच चढतां उतरतां येतें. ज्या गांवापाशीं पाठविण्यासारखा तयार माल नाहीं, त्याच्या शेजारून रस्ता नुसता निघून जातो. इतकेंच नव्हे, तर जो रस्ता माल नेतो तोच तरुणांसहि नेतो.

३. पिकाची किंमत कोठें उरते?

आज ह्या भागाचें मुख्य पीक सोयाबीन आहे. आश्विनांत सर्वांचें पीक एकदम निघतें, सर्वांस पैशाची निकड एकदम लागते, आणि सर्व माल एकदम बाजारांत येतो. भाव पडण्याचें हें एक मोठें कारण होय. २०२४–२५ सालीं हमीभाव क्विंटलास ४,८९२ रुपये असतांहि पुष्कळांस त्याहून कमी भावानें विकावें लागलें.

ह्यावर एक साधन आहे. बाजार समित्यांमार्फत चालणाऱ्या शेतमाल तारण योजनेंत सोयाबीन गोदामांत ठेवून त्याच्या किमतीच्या पाऊण हिश्शापर्यंत कर्ज मिळतें. व्याज सालीना शेंकडा ६, मुदत १८० दिवस. तेवढ्या पैशांत निकड भागते व विकण्यास घाई होत नाहीं. मात्र पुढें भाव चढेलच अशी खात्री कोणी देऊं शकत नाहीं. म्हणून व्याजाचा हिशेब आधीं मांडावा. माल चाळून, वाळवून, प्रत लावून विकला तर तें काम गांवच्याच हातांस मिळतें. जें काम गांवांत राहतें, त्यासाठीं माणूसहि गांवांत राहतो.

४. माणसें कशानें टिकतात?

केवळ मिळकतीनें नव्हे. आजारी मूल घेऊन कोठें जावें, हा प्रश्न सुटल्यावांचून आई गांवांत सुखानें राहत नाहीं. १९३८ सालीं वाशीम येथें मिशनचें रेनॉल्ड्स स्मारक रुग्णालय निघालें, तें लहान गांवाची ही गरज ओळखूनच. शाळा व पाणी ह्यांचेंहि तसेंच आहे. ह्या गोष्टी मागण्याची जागा म्हणजे ग्रामसभा. ती वर्षांतून निदान चार वेळां भरविणें कायद्यानें बंधनकारक आहे, व गांवच्या मतदारयादींत ज्याचें नांव आहे तो प्रत्येक स्त्रीपुरुष तिचा सभासद आहे. परंतु जो गैरहजर राहतो त्याची गरज कागदावर चढत नाहीं.

ह्यावरून कोणी असें समजूं नये, कीं जाणाऱ्या मुलास अडवावें. जाणें हें पाप नव्हे. पण जो निरुपायानें जातो आणि जो आपखुषीनें जातो, ह्या दोघांत मोठें अंतर आहे. मुलास जाणें व राहणें ह्या दोन्ही वाटा मोकळ्या असाव्या, एवढेंच आपल्या हातीं आहे, आणि तें थोडें नाहीं.

प्रश्न

१. १९०५ व १९९८ सालीं वाशीमचें काय झालें? त्यावरून काय शिकावें?
२. आपल्या गांवांतून कोणता माल कच्चाच बाहेर जातो? त्यांतील कोणतें काम येथेंच करतां येईल?
३. माल तारण ठेवण्यांत लाभ कोणता, व धोका कोणता?
४. मागील ग्रामसभेस आपणांपैकीं किती जण हजर होते? पुढील सभेंत कोणती एक गोष्ट मागावी?