दोन हात आणि एक पोट

'बाहेरचे आले की आपली कामं जातात,' हे वाक्य कोटरा सुल्तानाबादमध्ये मी नेहमी ऐकते. यात कामं मोजकीच आहेत, असं गृहीत धरलेलं असतं.

गिरणगाव बघा. 1854 मध्ये कावसजी दावर यांनी मुंबईत कापडगिरणी स्थापन केली. पुढे कोकण-घाटावरून माणसं येत गेली. प्रत्येकाबरोबर दोन हात आले, तसं एक पोटही. हातांमुळे मजुरीवर दाब येतो. पोटांमुळे खानावळी चालल्या, त्यात बायकांना काम मिळालं. मॉडेलमध्ये पुरवठा आणि मागणी, दोन्ही मांडायला हवेत.

1980 मध्ये क्यूबातून आलेल्यांमुळे मायामीतले कामगार 7 टक्क्यांनी वाढले, तरी डेव्हिड कार्ड यांना मजुरी फारशी घटलेली दिसली नाही. त्यावर वाद आहेच. म्हणून बेरजेनंतर विचारायचं: नफा कुणाचा, तोटा कुणाचा?