हिशेबाचा अभ्यास आणि आपला शेतमळा

कला शाखेच्या विद्यार्थ्यांना हिशेबशास्त्र हा विषय रुक्ष वाटतो. 'आकडे मांडणे हे कारकुनाचे काम' अशी एक समजूत आपल्याकडे आहे, आणि वाणिज्य शाखेतली मुले बँकेत नोकरी मिळावी म्हणूनच शिकतात, अशी दुसरी. एम. कॉम.ला मी लेखाकर्म हा विशेष विषय घेतला, तेव्हा सेनगावात मलाही हाच प्रश्न अनेकांनी विचारला : "बी. कॉम.ला जे शिकलात तेच पुन्हा दोन वर्षे शिकून काय करणार?" प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर देण्याचा प्रयत्न मी प्रस्तुत लेखात करणार आहे. उदाहरणे शक्यतो आपल्याच परिसरातली घेतली आहेत.

वारसा

हिशेब ठेवण्याची कला आपल्याला परकी नाही. रोजकीर्द, खतावणी, तेरीज, ताळेबंद हे शब्द कोणत्याही इंग्रजी पुस्तकातून आलेले नाहीत. लाल कापडात बांधलेल्या चोपड्या आपल्या बाजारपेठेतील जुन्या दुकानांत अनेकांनी पाहिल्या असतील. देशी वहीत जमेची बाजू डावीकडे आणि नावेची उजवीकडे असते. इंग्रजी पद्धतीत नेमके याच्या उलट : नावे डावीकडे, जमा उजवीकडे. घरची चोपडी पाहिलेला विद्यार्थी प्रथम गोंधळतो तो इथेच.

मराठवाड्यातील जुन्या वह्यांचे आणखी एक वैशिष्ट्य आहे. हा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि येथे 'हाली सिक्का' हे वेगळे नाणे चाले. सात हाली रुपये म्हणजे सहा इंग्रजी रुपये, असा ढोबळ हिशेब. वऱ्हाडच्या बाजारात माल विकणाऱ्याला त्यामुळे दोन चलनांत नोंदी ठेवाव्या लागत. पुढे १ एप्रिल १९५७ पासून आणे-पै जाऊन दशमान नाणी आली. आज एम. कॉम.चा विद्यार्थी 'परकीय चलनातील व्यवहार' हे प्रकरण अवघड म्हणून शिकतो. आपल्या आजोबा-पणजोबांच्या काळातील व्यापारी तेच काम तोंडी हिशेबाने करीत होते.

द्विनोंदीचे मर्म

आधुनिक हिशेबशास्त्राचा पाया म्हणजे द्विनोंदी पद्धती. लुका पाचोली या इटालियन धर्मगुरू-गणितज्ञाने १४९४ मध्ये व्हेनिस येथे छापलेल्या आपल्या गणितग्रंथात तिचे विवेचन केले. ही पद्धत त्याने शोधली नाही. व्यापारी ती आधीपासून वापरत होते, त्याने ती नीट मांडून दाखवली. तिचे मर्म एका वाक्यात सांगता येईल : प्रत्येक व्यवहाराला दोन अंगे असतात, आणि दोन्हींची नोंद झाली तरच हिशेब पुरा होतो.

एक साधे कोडे पाहा. आपण बँकेत हजार रुपये भरले, की पासबुकात ते 'जमा' दिसतात. पण आपल्या स्वतःच्या वहीत बँकेचे खाते 'नावे' पडते. असे का? कारण पासबुक ही बँकेच्या वहीची नक्कल आहे. तिच्या दृष्टीने आपण देणारे, म्हणून आपल्या नावावर जमा. आपल्या दृष्टीने बँक घेणारी, म्हणून तिच्या खात्यावर नावे. व्यवहार एकच, वह्या दोन. हिशेब नेहमी कोणाच्या तरी बाजूने लिहिलेला असतो, ही जाणीव येथून सुरू होते.

आपल्या देशात वाणिज्याच्या उच्च शिक्षणाची सुरुवात १९१३ मध्ये मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयाने झाली. पुण्याचे बृहन्महाराष्ट्र वाणिज्य महाविद्यालय १९४३ चे. सनदी लेखापालांची संस्था १ जुलै १९४९ रोजी कायद्याने स्थापन झाली. आपल्या हिंगोली जिल्ह्यासाठीचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ १९९४ मध्ये नांदेडला आले. जे शिक्षण एकेकाळी मुंबई-पुण्याला जाऊन घ्यावे लागे, ते आता आपल्या दाराशी आले आहे.

पदवी आणि पदव्युत्तर : फरक कोणता?

बी. कॉम.ला आपण 'नोंद कशी करावी' हे शिकतो. एम. कॉम.ला 'नोंद अशीच का करावी, दुसरी कशी करता येईल, आणि तिने काय बदलेल' हे शिकतो. हा फरक मला पुस्तकाने सांगितला, पण पटला तो हळदीच्या ढिगाने. आपल्या भागात हळद मोठ्या प्रमाणावर होते. तिचेच उदाहरण घेऊ. खालील आकडे केवळ गणिताच्या सोयीसाठी धरलेले आहेत. बाजारभाव म्हणून ते कोणी घेऊ नयेत.

एका शेतकऱ्याने एक एकर हळद लावली. बेणे २५,००० रुपये, खते-औषधे ३०,०००, बाहेरच्या मजुरांची मजुरी ३५,००० आणि शिजवणे, वाळवणे, पॉलिश करणे यासाठी १५,००० असा एकूण १,०५,००० रुपये रोख खर्च आला. शंभर क्विंटल ओली हळद निघाली, ती वाळून वीस क्विंटल भरली. ३१ मार्चपूर्वी बारा क्विंटल हळद ८,००० रुपये दराने विकून ९६,००० रुपये मिळाले. आठ क्विंटल घरात पडून आहे. या शेतकऱ्याला नफा झाला की तोटा?

पहिले उत्तर रोखीचे. आले ९६,०००, गेले १,०५,०००. म्हणजे ९,००० रुपये तोटा. सावकार आणि शेजारी हेच उत्तर देतात.

दुसरे उत्तर बी. कॉम.च्या विद्यार्थ्याचे. तो म्हणेल, घरातील शिल्लक माल विसरलात. एका क्विंटलचा परिव्यय ५,२५० रुपये. आठ क्विंटलचे झाले ४२,०००. ते धरले की तोटा जाऊन ३३,००० रुपये नफा दिसतो.

तिसरे उत्तर देणारा विचारतो, घरच्या माणसांच्या मजुरीचे काय? नवरा-बायको नऊ महिने त्या रानात राबली. ती मजुरी ३०,००० धरली तर परिव्यय क्विंटलला ६,७५० होतो आणि नफा १५,००० वर येतो.

चौथे उत्तर याही पुढे जाते. जमीन स्वतःची असली तरी ती खंडाने दिली असती तर खंड मिळाला असता. गुंतवलेल्या पैशाला व्याज मिळाले असते. ही दोन्ही मिळून ३०,००० धरली, की परिव्यय ८,२५० रुपये होतो आणि विक्रीचा भाव त्याहून कमी पडतो. शिल्लक मालाचे मूल्य परिव्यय किंवा बाजारातून निव्वळ मिळेल ती रक्कम, यांपैकी जे कमी ते धरावे, असा नियम आहे. म्हणून आठ क्विंटल ८,००० नेच धरावी लागते, आणि हिशेबअखेर ५,००० रुपये तोटा उरतो.

शेत एक, पीक एक, माणसे तीच. उत्तरे मात्र चार आली : नऊ हजार तोटा, तेहेतीस हजार नफा, पंधरा हजार नफा आणि पाच हजार तोटा. बेरीज-वजाबाकीत चूक कोठेही नाही. 'खर्च' या शब्दाची व्याख्या बदलली आणि शिल्लक माल धरला किंवा सोडला, एवढेच.

हा केवळ पुस्तकी वाद नाही

वरील उत्तरांचा आपल्या भाकरीशी थेट संबंध आहे. शेतमालाच्या किमान आधारभूत किमतीची शिफारस करणारा कृषी परिव्यय व मूल्य आयोग (स्थापना १९६५) याच पायऱ्या वापरतो. प्रत्यक्ष केलेल्या खर्चाला तो 'ए-२' म्हणतो. त्यात घरच्या मजुरीचे मूल्य मिळवले की 'ए-२ अधिक एफएल' होतो. त्यात स्वतःच्या जमिनीचा खंड आणि भांडवलावरील व्याज मिळवले की 'सी-२'. २०१८-१९ च्या अर्थसंकल्पात केंद्र सरकारने खर्चाच्या दीडपट भावाची घोषणा केली; तो दीडपटीचा हिशेब 'ए-२ अधिक एफएल'वर आहे. शेतकरी संघटनांची मागणी 'सी-२'च्या दीडपटीची आहे. हळदीला आधारभूत किंमत नाही, पण सोयाबीन व तुरीला आहे. फरक किती पडतो हे समजण्यासाठी आपले हळदीचेच आकडे लावून पाहा : ६,७५० ची दीडपट १०,१२५, आणि ८,२५० ची दीडपट १२,३७५. क्विंटलमागे २,२५० रुपये! सभेतील घोषणा आणि वर्तमानपत्रातील मथळे यांच्या मुळाशी परिव्यय-लेखाकर्मातील एक प्रकरण आहे. ते आपल्या मुलांना येत नसेल, तर आपली बाजू कोण मांडणार?

घरच्या मजुरीचा प्रश्न तर अधिक जिव्हाळ्याचा आहे. निंदणी-खुरपणी करणाऱ्या आपल्या आई-बहिणींच्या श्रमाला वहीत रकानाच नाही. जे वहीत नाही ते कोणाच्या डोळ्यांत भरत नाही. हा रकाना आखणे ही मला या शास्त्राची सर्वांत मोठी सेवा वाटते.

अभ्यास कसा करावा

जे विद्यार्थी या वाटेने जाणार आहेत, त्यांच्यासाठी चार गोष्टी सांगतो.

१. पारिभाषिक शब्द दोन्ही भाषांत पाठ करा. 'घसारा', 'परिव्यय', 'तेरीज' हे शब्द समजले की कल्पना समजते. पुढील ग्रंथ व कायदे इंग्रजीत आहेत, म्हणून तेही शब्द हवेत.

२. उदाहरण सोडवण्याआधी व्यवहार एका मराठी वाक्यात स्वतःला सांगा. कोणी दिले, कोणी घेतले, काय आले, काय गेले, हे सांगता आले नाही तर नोंद करू नका.

३. नियमामागचे कारण विचारा. शिल्लक माल कमी किमतीलाच का धरायचा? कारण न झालेला नफा आधीच वाटून खाऊ नये, आणि दिसत असलेला तोटा झाकू नये. असे कारण कळले की नियम विसरत नाही.

४. एक खरी वही ठेवा. घरच्या शेताची असो, किराणा दुकानाची असो किंवा महिला बचत गटाची. गटाच्या वहीत हप्ते, कर्जवाटप, व्याज, शिल्लक असे सर्व काही असते. एक वर्ष ती वही ताळ्यात आणून दाखवणारा विद्यार्थी परीक्षेत कोठेही अडत नाही.

कला शाखेच्या मित्रांनाही माझे एक सांगणे आहे. इतिहासाचा विद्यार्थी जुन्या वह्यांतून गावाचा इतिहास वाचू शकतो; अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला ताळेबंद वाचता आला नाही तर त्याचे ज्ञान अपुरे राहते; आणि मराठीच्या विद्यार्थ्याने 'जमा', 'नावे', 'उचल', 'तगाई' या शब्दांमागचे जीवन पाहिले तर त्याला आपल्या ग्रामीण कथा अधिक कळतील.

हिशेब मांडणे म्हणजे कोणाचे देणे आहे आणि कोणाचे येणे आहे, हे स्पष्ट शब्दांत सांगणे. आपल्या भागातील कष्टकऱ्याचे येणे आजवर पुष्कळदा मांडलेच गेले नाही. ते मांडण्याइतके शिक्षण आता आपल्याला उपलब्ध आहे. त्याचा उपयोग करणे हे आपल्या पिढीचे काम आहे.