शिक्षा, शिस्त आणि व्रात्यपणा : माध्यमिक वर्गातील गोंधळाचा एक भाषिक-वाङ्मयीन विचार

मराठी आणि हिंदी या दोन भाषांच्या सीमेवर वावरणाऱ्या दिल्लीतील मराठी भाषकाला 'शिक्षा' हा शब्द प्रथम अडवतो. हिंदीत तो विद्यादानाचा वाचक आहे. शासनाचे खाते, मंडळ, मंत्रालय यांच्या पाट्यांवर तो सन्मानाने मिरवतो. मराठीत मात्र 'शिक्षा' म्हणजे दंड. विद्यादानासाठी मराठीने 'शिक्षण' हे वेगळे रूप राखून ठेवले. मूळ संस्कृत धातू एकच, 'शिक्ष्', शिकण्याची इच्छा करणे. वेदांगांमध्ये शिक्षा म्हणजे उच्चारशास्त्र. शिकणाऱ्याच्या इच्छेपासून निघालेला हा शब्द मराठीत शिकवणाऱ्याच्या हातातील छडीपर्यंत कसा येऊन पोचला, याचा सविस्तर इतिहास हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. पण हा अर्थबदल केवळ कोशाचा विषय नाही. ज्या समाजात छडी आणि विद्या यांचे यमक जुळवणारी म्हण घरोघर रुळली, त्या समाजाच्या भाषेत शिकवणे आणि दंड करणे या क्रिया एकमेकींच्या किती निकट होत्या, हे त्यावरून ध्यानात येते.

'शिस्त' या शब्दाचा प्रवास याहून निराळा. तो फारसीतून आलेला असून नेम धरणे, रोख साधणे हा त्याचा जुना अर्थ. बंदुकीच्या नेमाची सरळ रेषा पुढे रांगेची, वागणुकीची सरळ रेषा झाली. हा शब्द लष्करी वळणाचा आहे, आणि शाळेत तो वापरताना त्याचे हे मूळ पूर्णपणे पुसले गेले आहे असे म्हणवत नाही.

सर्वांत बोलका शब्द 'व्रात्य' हा होय. अथर्ववेदाच्या पंधराव्या कांडात व्रात्याचे गौरवपर वर्णन येते. स्मृतिकारांच्या परिभाषेत, ज्याचा उपनयन संस्कार विहित काळात झाला नाही आणि म्हणून जो अध्ययनाच्या अधिकाराला मुकला तो व्रात्य. आजच्या मराठीत वर्गात मागच्या बाकावर बसून चाळे करणारा मुलगा व्रात्य ठरतो. जो मुळात विद्येच्या बाहेर ठेवला गेला, त्याचेच नाव आत येऊन गोंधळ घालणाऱ्याला मिळावे, हा योगायोग असेल. पण तो विचार करायला लावणारा आहे. कारण वर्गातील गोंधळाच्या प्रश्नात 'हा गोंधळ कोणी घातला' याआधी 'याला गोंधळ कोणी म्हटले' हे विचारावे लागते.

लोकमान्य टिळकांच्या शालेय जीवनातील भुईमुगाच्या टरफलांची कथा महाराष्ट्रात सर्वतोमुखी आहे. वर्गात टरफले पडलेली शिक्षकांना दिसली. ती कोणी टाकली हे कोणी सांगेना. तेव्हा शिक्षकांनी सरसकट सर्व वर्गाला शिक्षा फर्मावली. टिळकांनी ती घेण्याचे नाकारले, कारण शेंगा त्यांनी खाल्ल्या नव्हत्या. काही पाठांत शिक्षा छडीची आहे, काहींत टरफले उचलण्याची. कथेच्या ऐतिहासिक सत्यतेचा प्रश्न येथे गौण मानावयास हरकत नाही. लक्षणीय आहे ते तिचे वाङ्मयीन आयुष्य. दर वर्षी १ ऑगस्टला, टिळकांच्या पुण्यतिथीस, शाळाशाळांतून कोणी एक विद्यार्थी व्यासपीठावर उभा राहून ही गोष्ट सांगतो आणि समोर बसलेला शिक्षकवर्ग टाळ्या वाजवतो. म्हणजे गुरूची आज्ञा भर वर्गात मोडणाऱ्या मुलाचा गौरव खुद्द शाळाच करते. दुसऱ्या दिवशी तसेच उत्तर एखाद्या मुलाने खरोखरीच दिले तर त्याची गणना उद्धटात होते, ही गोष्ट वेगळी.

या कथेत वर्गव्यवस्थापनाचा एक धडा दडलेला आहे, आणि भाषणांतून तो बहुधा निसटतो. शिक्षकांची चूक कठोरपणाची नव्हती, ती सामुदायिक शिक्षेची होती. दोषी सापडत नाही म्हणून सर्वांना दंड केला की जो निर्दोष आहे तोच बंडखोर होतो आणि जो दोषी आहे तो समूहाच्या आड सुखरूप राहतो. पौगंडावस्थेतील मुलांचा न्यायबुद्धीचा काटा या बाबतीत फार हळवा असतो. हेच टिळक पुढे १८८० साली पुण्यात न्यू इंग्लिश स्कूलच्या स्थापनेत सहभागी झाले आणि स्वतः वर्गापुढे उभे राहिले.

आता दिल्लीकडे वळू. १९७३ च्या दिल्ली शालेय शिक्षण अधिनियमान्वये त्याच वर्षी जे नियम करण्यात आले, त्यांतील सदतिसावा नियम शिस्तभंगावरील उपाययोजनेचा होता. मधल्या सुटीत अडकवून ठेवणे, दंड, शाळेतून काढून टाकणे यांबरोबरच शारीरिक शिक्षेलाही त्यात स्थान होते. ती शिक्षा मुख्याध्यापकाने करावी, ती अतिरेकी नसावी, छडी वापरायची तर तळहातावर आणि दहापेक्षा अधिक नाही, आजारी मुलाला ती करू नये, आणि प्रत्येक शिक्षेची नोंद वर्तन-नोंदवहीत व्हावी, असे तपशील त्यात होते. कायद्याच्या दृष्टीने पाहता हा नियम क्रूर म्हणण्यापेक्षा काटेकोर होता. छडीला मोजमाप लावून तिला सभ्य करण्याचा तो प्रयत्न होता. परंतु छडीस पात्र ठरणाऱ्या अपराधांच्या यादीत मारामारीसारख्या दृश्य अपराधांबरोबर शिक्षकांशी सातत्याने उद्धटपणे वागणे हाही अपराध होता. मारामारी कोणालाही दिसते. उद्धटपणा मात्र ऐकणाऱ्याच्या कानावर अवलंबून असतो, आणि छड्या मोजता आल्या तरी उद्धटपणा कशाने मोजावा हे नियम सांगत नव्हता.

'पेरेंट्स फोरम फॉर मीनिंगफुल एज्युकेशन' या संस्थेने या नियमाला आव्हान दिले आणि १ डिसेंबर २००० रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने त्यातील शारीरिक शिक्षेची तरतूद घटनेच्या १४ व्या आणि २१ व्या अनुच्छेदांशी विसंगत म्हणून रद्द केली. सत्तावीस वर्षे राजधानीच्या शाळांत ती विधिसंमत होती.

उद्धटपणा म्हणजे काय, याचे उत्तर कायद्यात नसले तरी वाङ्मयात आहे, आणि ते दिल्लीपासून फार दूर नाही. ओमप्रकाश वाल्मीकि (१९५०–२०१३) यांचे बालपण उत्तर प्रदेशातील मुझफ्फरनगर जिल्ह्यातील बरला या गावी गेले. हा जिल्हा आज राष्ट्रीय राजधानी क्षेत्रात मोडतो. १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या 'जूठन' या आत्मकथनातील एक प्रसंग प्रस्तुत विषयाच्या मध्यभागी ठेवावा असा आहे. शिक्षक वर्गात द्रोणाचार्यांच्या दारिद्र्याची कथा भावविवश होऊन सांगत आहेत: दूध नाही म्हणून अश्वत्थाम्याला पाण्यात कालवलेले पीठ पाजले गेले. वर्ग हळहळतो. एक मुलगा उभा राहतो आणि विचारतो की अश्वत्थाम्याला निदान पीठ मिळाले, पण भाताचे मांड पिऊन राहणाऱ्या आमच्यासारख्यांची कथा कोणत्याही महाकाव्यात का नाही. शिक्षक संतापतात, अस्पृश्याच्या मुलाने उलट बोलावे हे त्यांना कलियुगाचे लक्षण वाटते. मुलाला कोंबडा केले जाते आणि त्याच्या पाठीवर छडीने 'महाकाव्य' लिहिले जाते.

या प्रसंगात मुलाने काय केले, हे साध्या शब्दांत मांडून पाहावे. त्याने पाठ लक्षपूर्वक ऐकला, कथेतील दुःखाची स्वतःच्या अनुभवाशी तुलना केली आणि एक वाङ्मयीन प्रश्न विचारला. कोणत्याही वाङ्मयाच्या शिक्षकाने याहून अधिक काय अपेक्षावे? वर्गाच्या नोंदवहीत मात्र हा व्यत्यय ठरतो. मागच्या बाकावर डुलक्या काढणारी मुले त्या तासाला शिस्तबद्ध होती. महाभारतातील ज्या आचार्याची कथा चालली होती, त्याने एकलव्याकडून अंगठा मागून घेतला होता, हे त्या वर्गात कोणाला आठवले किंवा नाही, याची नोंद नाही.

टिळकांची टरफले आणि वाल्मीकींचे मांड हे दोन प्रसंग शेजारी ठेवले असता एक विषम गोष्ट समोर येते. दोन्हीकडे एक विद्यार्थी भर वर्गात शिक्षकाच्या न्यायाला प्रश्न करतो. एकाची कृती बाणेदारपणा म्हणून पाठ्यपुस्तकी आख्यायिका झाली. दुसऱ्याची उद्धटपणा म्हणून पाठीवर उमटली, आणि ती प्रकाशात यायला त्या मुलालाच लेखक व्हावे लागले. कृती एकाच जातीची असताना तिची नावे दोन का झाली, याचे उत्तर विद्यार्थ्यांच्या वर्तनात शोधून सापडणारे नाही. महात्मा फुले यांनी १८६९ साली विद्याखात्यातील ब्राह्मण पंतोजींवर रचलेला पवाडा याच उत्तराकडे बोट दाखवतो. आणखी एक दुवा येथे नोंदवण्याजोगा आहे. वाल्मीकि नोकरीच्या निमित्ताने दीर्घकाळ महाराष्ट्रात, अंबरनाथ व चंद्रपूर येथे, राहिले. मराठी दलित साहित्याशी त्यांचा परिचय तेथेच झाला. बरल्याच्या वर्गातील प्रश्न हिंदीत लिहिला जाण्यापूर्वी मराठीच्या सहवासातून गेला होता.

याचा अर्थ वर्गात खरा गोंधळ होतच नाही असा नव्हे. चाळीस-पन्नास मुलांचा नववीचा वर्ग, दुपारचा तास, खिडकीबाहेर मैदान, अशा स्थितीत शिक्षकाला तत्त्वचर्चा उपयोगी पडत नाही. तेथे काय उपयोगी पडते याविषयी भारतीय वाङ्मयातील सर्वांत प्रामाणिक साक्ष गिजुभाई बधेका यांच्या 'दिवास्वप्न' या गुजराती पुस्तकात मिळते. त्यातील वर्ग चौथीचा, म्हणजे प्राथमिक आहे. पण पहिल्या दिवसाचा अनुभव कोणत्याही वर्गाला लागू पडावा. प्रयोगशील शिक्षक लक्ष्मीराम मोठ्या तयारीने शांततेचा खेळ योजतो. मुले त्याचा पार विचका करतात, आवाज काढतात, टिंगल करतात. तो रागावत नाही, त्यांना सोडून देतो. दुसऱ्या दिवशी गोष्ट सांगायला बसतो आणि तोच वर्ग हलायला तयार होत नाही. 'दिवास्वप्ना'चे मोल प्रयोगाच्या यशात नाही. पहिल्या दिवसाचे अपयश लेखकाने झाकले नाही, यात ते आहे. शिक्षणविषयक लेखनात असा पहिला दिवस क्वचितच आढळतो. गिजुभाईंच्या सहकारी ताराबाई मोडक यांच्यामुळे ही परंपरा मराठीत आली, पण ती बालशाळेपुरती राहिली. माध्यमिक शाळेचा उंबरठा तिने फारसा ओलांडला नाही.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेकब कौनिन यांचे १९७० सालचे वर्गशिस्तीवरील पुस्तक हीच गोष्ट वेगळ्या मार्गाने सिद्ध करते. गोंधळ झाल्यावर शिक्षक कसे रागावतात, कोणते शब्द वापरतात, यावर वर्गाची शिस्त अवलंबून असेल, या अपेक्षेने त्यांनी वर्गांच्या चित्रफितींचा अभ्यास केला. निष्कर्ष उलट निघाला: यशस्वी आणि अयशस्वी शिक्षकांच्या रागावण्यात लक्षणीय फरक नव्हता. फरक होता तो गोंधळ होण्याआधीच्या वागण्यात. यशस्वी शिक्षकाला वर्गाच्या प्रत्येक कोपऱ्यात काय चालले आहे याची जाण असते आणि तशी ती आहे हे मुलांना कळत असते; एका वेळी दोन गोष्टी त्याला सांभाळता येतात; पाठाची गती तो मध्येच तुटू देत नाही. कौनिन यांनी या पहिल्या गुणासाठी इंग्रजीत एक नवाच शब्द घडवला. मराठीला तो घडवण्याची गरज नाही. 'अवधान' हा शब्द आपल्याकडे तयार आहे. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या आरंभी वक्ता श्रोत्यांकडे अवधान मागतो. वर्गात ते आधी शिक्षकाला द्यावे लागते. आपला कीर्तनकार हे जाणतो: मंडपाच्या टोकाला कोणी पेंगू लागला की तो त्याचे नाव घेत नाही, मध्येच नामाचा गजर उचलतो आणि निरूपणाचा धागा न तुटता सभा जागी होते. शिक्षक-प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमांत कीर्तनाचा उल्लेख नसावा ही खेदाची गोष्ट आहे.

विनोद हे दुसरे साधन. पु. ल. देशपांडे यांच्या 'व्यक्ती आणि वल्ली' (१९६२) मधील चितळे मास्तर हशावर वर्ग तोलून धरतात. हे साधन दुधारी आहे. माया असेल तर ते जमते. माया आटली की तोच विनोद उपहास होतो आणि कोवळ्या वयाला छडीपेक्षा खोल लागतो.

साने गुरुजींचा मार्ग तिसरा, आणि अनुकरणाला सर्वांत अवघड. अमळनेरच्या प्रताप हायस्कुलात १९२४ ते १९३० या काळात ते शिक्षक होते व छात्रालयही सांभाळत. अस्ताव्यस्त खोल्या, विस्कटलेले कपडे पाहून मुलांना न बोलता ते स्वतःच ती कामे उरकत. काही दिवसांनी मुलांनाच संकोच वाटू लागे. छात्रालयासाठी ते हस्तलिखित दैनिक काढीत. या पद्धतीत एक धोका आहे आणि तो सांगितला पाहिजे: लाजेवर उभी असलेली शिस्त शिक्षकाच्या व्यक्तित्वावरच उभी असते, आणि १९३० साली गुरुजी स्वातंत्र्यलढ्यासाठी शाळा सोडून गेल्यावर ती दुसऱ्या कोणाच्या हाती सोपवता येण्यासारखी नव्हती.

छडी गेली, आता काय उरले? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई केली आहे, आणि तो १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. परंतु तो कायदा सहा ते चौदा वर्षांच्या, म्हणजे आठवीपर्यंतच्या मुलांसाठी आहे. नववी-दहावीचा विद्यार्थी, ज्याच्या प्रश्नांना धार येऊ लागते आणि ज्याचा 'उद्धटपणा' शिक्षकाला सर्वाधिक टोचतो, तो या कलमाच्या बाहेर पडतो. दिल्लीत २००० चा निकाल त्याला छडीपासून वाचवतो. शब्दांपासून वाचवणारे तितके स्पष्ट काही नाही. मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' (२००४) या कादंबरीतील मुले नववीतलीच आहेत आणि काळ आणीबाणीचा. बाहेर शिस्तीचा जयघोष चालू असताना वर्गातील मुले शिक्षकांना कशी वाचतात, त्यांच्या चालीबोलीवरून कोण किती पाण्यात आहे हे कसे ताडतात, याचे इतके बारीक चित्रण मराठीत विरळाच. शिक्षक मुलांची नोंद ठेवतो तशीच मुलेही शिक्षकाची ठेवत असतात. सदतिसाव्या नियमाने जी वर्तन-नोंदवही शाळांना ठेवायला सांगितली होती, तिच्यात या दुसऱ्या नोंदीसाठी रकाना नव्हता. त्या नोंदी 'जूठन' आणि 'शाळा' यांसारख्या पुस्तकांतून वाचाव्या लागतात.