छत्तीसचं कटिंग मला बसलं, मग जावेला का नाही?

प्रश्न : मी घरी ब्लाउज शिवते. बोईसरच्या बाजारातून तयार पेपर कटिंग आणते. ३६ नंबरचं एक कटोरी कटिंग मला छान बसलं, म्हणून त्यावरूनच जावेचाही ब्लाउज शिवला. तिचीही छाती ३६च आहे. तरी तिचे खांदे उतरतात, गळा पुढून उघडा पडतो आणि छातीवर हुक ताणतात. आता शिवणाऱ्या मैत्रिणी ‘ते कटिंग कसं आहे?’ म्हणून विचारतात. कटिंगचं माप आणि ते अंगावर कसं बसतं, हे दुसरीच्या उपयोगी पडेल अशा रीतीने कसं सांगावं?
– एक वाचक, घिवली

उत्तर : ताई, तुम्हा दोघींची छाती ३६ असली, तरी ते ३६ इंच दोघींच्या अंगावर वेगवेगळ्या जागी आहेत. छातीचं माप आपण सर्वांत भरीव जागेवरून घेतो. त्याच्या वर, काखेखालून टेप फिरवून घेतात ते अप्पर चेस्टचं माप. समजा, तुमची अप्पर चेस्ट ३४ आहे आणि जावेची ३२. म्हणजे तिची पाठ आणि खांदे तुमच्यापेक्षा लहान आहेत, पुढचा भाग मात्र जास्त भरलेला आहे. ३६च्या कटिंगचे खांदे तिला रुंद पडले म्हणून ते उतरले आणि गळा उघडा पडला, आणि पुढे कापड कमी पडलं म्हणून हुक ताणले. एकाच ब्लाउजमध्ये ढगळपणाही आला आणि घट्टपणाही. तुम्ही सांगितलेली तिन्ही लक्षणं याच कारणाकडे बोट दाखवतात.

कटिंग बनवणाऱ्याला हे कळलं नाही का? त्याच्यापुढे तुमची जाऊ नव्हती, फक्त एक आकडा होता. आपल्याकडच्या शिवणवर्गांत ब्लाउजची आकृती बहुतेक छातीच्या मापावरून काढतात. घेरासाठी छातीचा चौथा भाग, गळ्याच्या रुंदीसाठी बारावा भाग, मुंढ्यासाठी असाच एखादा हिशोब आणि त्यात ठरावीक वाढ. के. आर. झारापकरांसारख्या शिक्षकांच्या कटिंगच्या पुस्तकांवर मराठी शिवणवर्गांच्या पिढ्या तयार झाल्या. पण वर्गात बाई समोर उभ्या असलेल्या मुलीचं शोल्डर वेगळं मोजायला लावतात. तयार कागदात ती सोय नाही. तिथे छातीवरून खांद्याचा अंदाज बांधलेला असतो.

नंबर वाढत जातात तसा हा अंदाज आणखी चुकतो. साधारणपणे एका मधल्या मापाची आकृती आधी पक्की करतात आणि बाकीचे नंबर ठरावीक अंतराने वाढवत किंवा घटवत काढतात. आता, अंग भरलं की छाती चार इंच वाढेल, पण खांद्याचं हाड काही त्या प्रमाणात रुंद होत नाही. म्हणून ४२-४४च्या कटिंगमध्ये खांदे उतरण्याची तक्रार जास्त येते. ‘मला ३२चं मस्त बसलं’ हे सांगणं खरं असूनही ४२वालीच्या फारसं कामाचं नसतं, ते यामुळेच.

ही अडचण काही आपल्याच बाजारातली नाही. वेगवेगळ्या मापांत कागदी नमुने विकायची सुरुवात अमेरिकेत १८६३मध्ये एबनेझर बटरिक या शिंप्याने केली. पुढे १९४१मध्ये तिथल्या कृषी खात्याने सुमारे १५,००० स्त्रियांच्या मापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात प्रत्येकीची ५९ मापं घेतली होती. एकट्या छातीवरून बाकीचं अंग नीट सांगता येत नाही, हे त्यातही दिसलं. शिवाय त्या अभ्यासात श्वेतवर्णीय स्त्रियांचीच मापं धरली होती. आजही जर्मनीच्या बुर्दा या शिवणमासिकाचे नेहमीचे नमुने १६८ सेंटिमीटर उंचीसाठी असतात, आणि भारतीय स्त्रीची सरासरी उंची सुमारे १५२ सेंटिमीटर आहे. भारतीय अंगाचा स्वतःचा तक्ता हवा म्हणून निफ्ट या राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेने ‘इंडियासाइज’ प्रकल्प हाती घेतला. मुंबईसह सहा शहरांत २५,००० लोकांची मापं घेण्याची ती योजना होती. पण कुठलाही तक्ता झाला तरी तो सरासरीच सांगणार. तुमच्या मैत्रिणींना खरा आधार तुमच्या नेमक्या सांगण्याचा आहे, आणि ते असं करता येईल.

पहिलं, कटिंगच्या नंबरासोबत स्वतःची मापं सांगा : अप्पर चेस्ट, छाती, छातीखालचा घेर, शोल्डर, दंडघेर आणि खांद्यापासून टक्स पॉइंटपर्यंतची उंची. या सहा मापांवरून ऐकणारीला आपलं अंग तुमच्याशी कुठे जुळतं आणि कुठे नाही, ते लगेच कळतं.

दुसरं, कटिंग माया (शिलाईसाठीचं जादा कापड) धरून आहे की माया सोडून, हे न विसरता सांगा. दोन्ही बाजूंना एकेक इंच माया धरलेली असेल आणि कुणी वरून पुन्हा तेवढीच सोडली, तर तयार ब्लाउजचा घेर चार इंचांनी वाढतो. कित्येक चांगल्या कटिंगची बदनामी एवढ्यावरून होते.

तिसरं, शिवून झालेल्या ब्लाउजचं माप घ्या. हुक लावा, पुढचा भाग टक्सच्या टोकांवरून बाजूच्या एका शिलाईपासून दुसरीपर्यंत मोजा, पाठ वेगळी मोजा आणि बेरीज करा. अंग ३६ आणि ब्लाउज साडेसदतीस असेल, तर दीड इंच सैल ठेवला आहे. एकीला जे ‘फिटिंगचं’ वाटतं ते दुसरीला गुदमरवणारं वाटू शकतं. दीड इंच मात्र दोघींना सारखाच कळतो.

चौथं, ‘बसत नाही’ असं मोघम सांगू नका, कुठे बसत नाही ते सांगा. आरशासमोर उभं राहून चुण्या बघा. आडव्या चुण्या असतील तर तिथे कापड कमी आहे, उभा झोळ असेल तर जास्त आहे. छातीपासून मुंढ्याकडे तिरकी ओढ जात असेल, तर पुढच्या भागाला जागा हवी आहे. मग हात वर करा, वाका, पाटी डोक्यावर घेतल्यासारखं करून बघा. हात उचलताच सगळा ब्लाउज वर चढला, तर बऱ्याच जणी मुंढा घट्ट समजून तो आणखी खोल कापतात. त्याने चढणं वाढतं. मुंढा काखेपासून फार खाली गेला की हातासोबत ब्लाउजही उचलला जातो. म्हणून ‘मुंढा घट्ट आहे’ म्हणण्याआधी तो काखेत काचतो आहे की काखेपासून लांब लोंबतो आहे, ते बघा.

पाचवं, तुम्ही केलेले बदल सांगा. ‘छान बसलं’ म्हणताना खांदा अर्धा इंच कमी केला होता, हे राहून गेलं, तर ऐकणारी फसते.

सहावं, कापड सांगा. टू बाय टू, ब्रोकेड आणि ताणलं जाणारं लायक्राचं कापड एकाच कटिंगवर तीन तऱ्हांनी बसतात. सुती कापड आधी भिजवून घेतलं होतं का, तेही सांगा.

हे सगळं चार ओळींत मावतं. उदाहरणार्थ : ‘कटोरी, ३६ नंबर, माया धरून. माझी अप्पर चेस्ट ३४, छाती ३६, शोल्डर १४ (बाकीची तीन मापंही अशीच). टू बाय टू, अस्तर लावून. तयार घेर साडेसदतीस. बदल काही नाही. पाठ आणि गळा चोख बसले, बाही दंडाला थोडी घट्ट.’ ही नोंद त्या कटिंगच्या पाकिटावरच लिहून ठेवा.

जावेच्या ब्लाउजसाठी पाठ, खांदा, मुंढा ३४च्या कटिंगचे घ्या आणि कटोरी तेवढी वाढवा. आधी जुन्या कापडावर कच्ची शिलाई घालून बघा. मग तिचीही नोंद पाकिटावर लिहा, आणि ३६चं का बसलं नाही तेसुद्धा. न बसलेल्या ब्लाउजची नोंद तर जास्त मोलाची, कारण जावेसारख्या अंगाच्या पुढच्या बाईचं कापड त्यामुळे वाचतं. शिवलेलं अंगावर बसलं नाही की ‘माझं अंगच बेढब’ असं कितीतरी बायका सहज बोलून जातात. जावेला आवर्जून सांगा, तिच्या अंगात काही खोट नाही. त्या कागदाने तिचं शोल्डर मोजलंच नव्हतं.