जोतं दिसत राहू द्या

चिऱ्याच्या घराला वाळवी लागत नाही, असं कुडाळकडच्या आमच्या गावात कुणीही छातीठोकपणे सांगेल. वाळवी चिरा खात नाही हे खरंच. पण दोन चिऱ्यांच्या सांध्यातली माती तिला वाट काढायला पुरते आणि भिंतीच्या वर शेवटी असतं ते लाकूडच: भाल, वासे, रिपा, दारांच्या चौकटी. त्यात घर वर्षातला बहुतेक काळ बंद, गणपतीला आणि मे महिन्यात उघडायचं. तिला याहून निवांत जागा कुठे मिळणार?

सारवलेली जमीन होती तोवर वाळवी परसातल्या वारुळात आणि आम्ही घरात, असा शेजार बरा चालला होता. मग जमीन उकरून फरशी घातली. ठेकेदाराने भराव टाकला त्यात मातीबरोबर सेंटरिंगच्या फळ्यांचे तुकडे गेले, कागदी पिशव्या गेल्या, मोडलेल्या माळ्याची कुजकी फळकुटंही गेली. फरशी बसल्यावर खाली काय पुरलंय ते कोण बघतं? भरीला न्हाणीघराचा पाइप भिंतीतल्या भिंतीत झिरपत होता. खाणं, ओल आणि अंधार, तिन्ही एका जागी.

त्या गणपतीत माजघराचं दार लागेना. पावसात लाकूड फुगतंच, म्हणून एरवी कुणी लक्ष दिलं नसतं. पण चौकटीच्या रंगाला फोड आले होते. मेस्त्रींनी पटाशी टेकवली आणि ती मुठीपर्यंत आत गेली. बाहेर रंगाचा पापुद्रा तेवढा शाबूत, आत नुसती माती. मेस्त्री म्हणाले, "वयनी, ती लाकडासाठी येणा नाय, वलीसाठी येता." अर्धं खरं आहे. लाकूड तिला हवंच असतं. पण जमिनीतल्या वाळवीचं अंग इतकं नाजूक की कोरड्या, उघड्या हवेत ती फार तग धरत नाही. म्हणून तर ती भिंतीवरून मातीच्या बोगद्यातून चालते. ओल तोडली की तिचं निम्मं बळ गेलं, हे मेस्त्रींचं म्हणणं मी आजही मानते.

औषध मारायला पहिल्यांदा जो माणूस आला, त्याने भिंतीवरच्या मातीच्या रेघांवर आणि चौकटीवर फवारा मारला. घरभर वास, खाली मेलेली वाळवी, सगळे खूश. दिवाळीनंतर शेजारच्या खोलीत कपाटामागे नवी रेघ उभी. यात नवल काही नाही. आपल्याला दिसते ती कामकरी वाळवी. राणी जमिनीखाली, आणि ती कित्येक वर्षं अंडी घालत राहते. दिसली तिच्यावर फवारलं की एक वाट बंद होते, दुसरी उघडते. फवारणी आणि वाळवीचा बंदोबस्त ही दोन निराळी कामं आहेत आणि त्यांचे दरही निराळे असतात. स्वस्तात कुणी करून देतो म्हणाला, तर तो यांतलं कोणतं करणार आहे ते आधी विचारावं.

उभ्या घरासाठी काम कसं करायचं, याचं भारतीय मानक आहे: आय. एस. ६३१३, भाग ३. त्याचा गाभा असा की भिंत आणि फरशी जिथे मिळतात त्या रेषेवर सुमारे ३०० मिलिमीटर अंतरावर १२ मिलिमीटरची भोकं पाडायची आणि दाबाने औषध आत सोडायचं, जमीन घेईनाशी होईपर्यंत किंवा भोकाला जास्तीत जास्त १ लिटर. लाकूड जिथे भिंतीला भिडतं तिथे ६ मिलिमीटरची बारीक भोकं, १५० मिलिमीटरवर, खाली तिरकी. बाहेरून जोत्यालगत माती उकरून तिथेही औषध जिरवायचं. घराभोवती जमिनीत सलग पट्टा तयार व्हायला हवा. मध्ये एक कोपरा सुटला तरी वाळवी नेमकी तिथून येते. आमच्याकडे देवघराचा कोपरा सोडा असा आग्रह झाला होता. मी ऐकलं नाही.

औषधांत क्लोरपायरिफॉस आणि इमिडाक्लोप्रिड ही नावं हमखास कानावर येतील. इमिडाक्लोप्रिडचा वाळवीला सुगावा लागत नाही. ती त्यातून ये-जा करते आणि अंगाला लागलेलं औषध इतरांपर्यंत पोचवते. ३०.५ टक्क्यांचं असेल तर लिटरभर पाण्याला २.१ मिलिलिटर पुरतं. बाटलीचं सील समोर फोडायला लावा, माप समोर घालायला लावा. यात संकोच कसला? जुन्या लोकांच्या तोंडी अजून आल्ड्रिनचं नाव असतं. त्यावर आपल्याकडे बंदी आहे. कुणाच्या माळ्यावर जुना डबा असला तर तो उघडू नका.

विहिरीचं मात्र फार सांभाळा. जांभा सच्छिद्र, पाणी त्यातून सहज झिरपतं, आणि आमच्याकडे पिण्याची विहीर घरापासून हाकेच्या अंतरावर असते. विहिरीकडच्या बाजूला आम्ही जमिनीत औषध सोडलं नाही. तिथली सडकी चौकट काढून दगडी उंबरा आणि लोखंडी चौकट बसवली. औषधाचं काम एप्रिल-मेमध्ये, जमीन कोरडी असताना उरकावं. भर पावसात ते जिरत नाही, वाहून जातं.

घरगुती उपायांबद्दल माझं मत कडक आहे. रॉकेल आणि डिझेल ओतणं म्हणजे आगीला आवतण. मिठाने वाळवी जात नाही, भिंतीला ओल मात्र धरते. काजूच्या टरफलांचं काळं तेल वाशांना लावायची आपली पद्धत चांगली आहे, पण ते हाताला लागलं तर कातडी भाजते, आणि ज्या टोकातून वाळवी शिरते ते भिंतीत गेलेलं टोक नेमकं कोरडं राहतं. नवा वासा चढवण्याआधीच त्याची टोकं भिजवून घ्यावीत. लाकूड घेताना "साग आहे" एवढ्यावर भुलू नये. सागाचा गाभा टिकतो. कडेचं पांढरट लाकूड वाळवी मिटक्या मारत खाते. शहरात फ्लॅट सजवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावं, पाण्याला टिकणारं प्लाय म्हणजे वाळवीला टिकणारं प्लाय नव्हे, आणि न्हाणीघराच्या भिंतीला चिकटवलेलं कपाट कुठल्याही मजल्यावर धोक्याचंच.

परसातल्या वारुळाचं काय करायचं, यावर घरात बरीच वादावादी झाली. सिंधुदुर्गात आणि गोव्यात वारूळ म्हणजे सातेरी. कित्येक देवळांत तेच पुजलं जातं. सासूबाईंनी कुदळ लावू दिली नाही, आणि मला ते पटलं. नुसतं वरून फोडून काही साधत नाही, राणी खोल असते. शिवाय वारुळातली वाळवी बुरशीची शेती करते आणि त्याच बुरशीची अळंबी पावसात वर येते, जी आपण बाजारात मिळेल त्या भावाने उचलतो! घराभोवतीचा पट्टा नीट असला तर वारूळ परसात सुखाने राहू शकतं.

खरी राखण पैशांनी होत नाही. जोतं चहूबाजूंनी वीतभर तरी उघडं दिसलं पाहिजे, म्हणजे मातीची रेघ चढताना लगेच नजरेत येते. भिंतीला टेकवलेलं सरपण, झावळ्या, गोवऱ्या, फुलझाडांची माती, सगळं लांब हलवा. पागोळ्यांचं पाणी जोत्याशी साचत असेल तर पन्हळ लावा. माळ्यावरचे पुठ्ठ्याचे खोके काढून पत्र्याच्या पेट्या घ्या; सातबारा आणि खरेदीखतं तर तिथे ठेवूच नका. पहिल्या पावसानंतर बाहेरच्या दिव्यावर पंखांचे किडे आले तर घाबरायचं कारण नाही, ते कुठूनही येतात. पण बंद खोलीत खिडकीखाली सारख्या लांबीच्या पंखांचा खच पडला असेल तर उगम घरातच आहे. माती नसून नुसतंच पिठासारखं भुस्कट गळत असेल तर तो बहुधा भुंगेरा. त्याला जमिनीत औषध सोडून उपयोग नाही, लाकडालाच उपचार लागतो.

चावी ज्यांच्याकडे असते त्या शेजारच्या काकींना मातीची रेघ कशी दिसते ते प्रत्यक्ष दाखवून ठेवलं आहे. दिसली की त्या मोडत नाहीत, फोटो पाठवतात. मोडली तर औषधवाल्याला वाट सापडत नाही. त्याच्याशी करार करताना हमी किती वर्षांची एवढंच विचारू नका. वर्षातून किती वेळा स्वतःहून येऊन बघणार, आणि घर बंद असलं तरी येणार का, तेही कागदावर घ्या. थोडी रक्कम पावसाळ्यानंतरच्या तपासणीसाठी हातात राखून ठेवा.