‘मूळ’ गाणं कोणाचं?

‘व्हिस्की इन द जार’ हे आयर्लंडचं जुनं कथागीत: एक वाटमाऱ्या, त्याची प्रेयसी आणि तिने केलेला दगा. डब्लिनर्सनी ते १९६७ मध्ये लोकगायकीच्या ढंगात गायलं. १९७२ मध्ये थिन लिझीने त्यात इलेक्ट्रिक गिटार आणली, १९९८ मध्ये मेटॅलिकाने ते आणखी दणदणीत केलं. चाहते हळवे होतात ते बहुधा आपण पहिल्यांदा ऐकलेल्या गाण्यासाठी; त्यांना तेच ‘मूळ’ वाटतं. पण इथे मूळ कवीच अज्ञात! डब्लिनर्सची जेनी थिन लिझीकडे मॉली झाली. मेटॅलिकाने मॉलीच ठेवली. जात्यावरच्या ओव्यांत आपण पाठभेद शिकतो ना, तेच हे. म्हणून कव्हर ऐकून नाक मुरडण्याआधी विचारा: काय बदललं, काय टिकलं? दगा तर तिन्हीकडे तसाच आहे.