वनशिबिर आणि भयाचा अभ्यास



युवक-युवतींना शनिवार-रविवार वनात मुक्कामाला न्यावयाचे ठरले की पालकांच्या सभेत तीन प्रश्न हटकून येतात. वाघाचे काय? सापाचे काय? आणि मुलींना रात्रीच्या वेळी रानात कशाला? हे प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. ते काळजीतून आलेले आहेत, आणि भंडारा जिल्ह्यात राहणाऱ्याला काळजी वाटावी अशी कारणेही आहेत. म्हणून या लेखात आम्ही त्याच प्रश्नांचा विचार करीत आहोत. झाडे-पक्षी ओळखणे हे शिबिरात होतेच. पण आमच्या मते अशा शिबिराचा पहिला अभ्यासविषय भय हाच असावा.

मज्झिमनिकायात ‘भयभेरव’ नावाचे सुत्त आहे. अरण्यातील एकांतवास फार कठीण, तेथे मन टिकत नाही, असे जानुस्सोणि नावाचा ब्राह्मण भगवंतांना म्हणतो. भगवंत त्याचे म्हणणे खोडून काढीत नाहीत. बोधिप्राप्तीपूर्वी आपल्यालाही तसेच वाटत असे, अशी कबुली ते देतात. पुढे ते सांगतात की, लोक ज्या जागांना भितात अशाच जागी, ठराविक तिथींच्या रात्री, आपण मुद्दाम राहून पाहिले. एखादे जनावर जवळ येई, मोर वाळकी फांदी पाडी, वारा पाने सळसळवी, आणि मनात येई की हेच ते भय आले. चालताना भय आले तर ते जाईपर्यंत चालणे सोडायचे नाही, बसलेले असताना आले तर उठायचे नाही, असा त्यांचा प्रयोग होता. येथे शौर्याचा आव कोठेही नाही. भय आले, ते कशामुळे आले हे पाहिले, एवढेच आहे. मोर आणि वारा यांचा उल्लेख आम्हांला विशेष वाटतो, कारण रात्रीच्या रानात ऐकू येणारे बहुतेक आवाज याच जातीचे असतात.

असा अभ्यास करण्यास पवनीसारखी जागा नाही. १९६९-७० साली नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी येथील जगन्नाथ टेकडीवर उत्खनन केले आणि विटांचा भव्य प्राचीन स्तूप उजेडात आला. तेथे मिळालेल्या शिल्पांत नागराज मुचलिंदाचे शिल्प आहे. त्यात बुद्धमूर्ती नाही. रिकामे आसन आहे आणि त्यावर नागाने फणा धरला आहे. बोधीनंतरच्या अवकाळी पावसात उघड्यावर बसलेल्या भगवंतांना नागाने सांभाळले, ही ती कथा. शनिवारी दुपारी मुलांना प्रथम टेकडीवर न्यावे, ही कथा तेथेच सांगावी, आणि मग सापाचा विषय काढावा.

सापाबद्दल मात्र कथेवर भागत नाही. आपल्या भागात जमिनीवर झोपणाऱ्याला खरा धोका मण्यारीचा. ती रात्री फिरते. तिचा दंश पुष्कळदा दुखत नाही, सुजत नाही, खूणही दिसेल न दिसेल अशी असते. झोपलेल्याला कळतही नाही. पहाटे पोटात कळा येतात, पापण्या जड होतात, गिळवत नाही, आणि घरचे लोक अपचन समजून ओवा देतात. यात जीव जातो. उपाय साधा आहे. प्रत्येकाने मच्छरदाणी लावावी आणि तिच्या कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी खोचाव्या. लोंबती मच्छरदाणी असून नसल्यासारखीच. रात्री उठताना आधी टॉर्च, मग पाय. दंशाची नुसती शंका आली तरी १०८ ला फोन करून रुग्णालय गाठावे. कापणे, चोखणे, करकचून बांधणे, मांत्रिक यांपैकी काहीही नको. सर्पदंशावरची लस जवळच्या सरकारी रुग्णालयात आहे की नाही, ही चौकशी शिबिराच्या आदल्या दिवशी झालीच पाहिजे.

आता वाघ. उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य २०१२ साली घोषित झाले. त्याचा काही भाग आपल्या पवनी तालुक्यात येतो. येथे गाजलेला ‘जय’ हा वाघ २०१३ मध्ये नागझिऱ्याहून, शंभरावर किलोमीटर पायपीट करून आला होता. वाटेत शेते, रस्ते, नदी, गावे सर्व काही होते. म्हणजे अभयारण्याच्या रेषेबाहेर वाघ नसतो असे समजू नये. २०२२ च्या ऑक्टोबरात वडसा परिसरात ‘सीटी-१’ हा वाघ पकडला गेला. त्याने १३ माणसे मारली होती, त्यांतील चार भंडारा जिल्ह्यातली. हा आकडा आम्ही मुलांपासून लपवीत नाही. पण त्याचबरोबर हेही सांगतो की, रानात बळी पडतात ते बहुधा पोटासाठी एकट्यादुकट्याने गेलेले, सरपण किंवा मोहफुले वेचताना खाली वाकलेले, गुरांमागे असलेले लोक. चाळीस मुलांच्या घोळक्याला असणारा धोका आणि त्यांचा धोका एक नव्हे.

म्हणून मुक्काम अभयारण्यात नव्हे, काठच्या गावात करावा. अभयारण्यात प्रवेशासाठी १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवानगी लागते, आणि वनाला धोका होईल अशी आग पेटवणे हा तेथे गुन्हा आहे. गावात ग्रामपंचायतीला विचारून शाळेचे आवार किंवा समाजमंदिर घ्यावे. स्वयंपाकाची चूल अंगणातच ठेवावी. संध्याकाळनंतर कोणीही एकट्याने कुंपणाबाहेर जाऊ नये, शौचासही नाही. आणि लाऊडस्पीकर नको, अगदी भीमगीतांसाठीही नको. ती दिवसा म्हणावीत, तोंडाने म्हणावीत. रात्री अर्धा तास सर्वांनी अंगणात दिवे मालवून गप्प बसावे, ऐकू आलेला प्रत्येक आवाज मनात नोंदवावा आणि मग वहीत लिहावा. शेजारी गावातली एखादी जाणती व्यक्ती असावी. मुलांनी ‘वाघ’ म्हणून लिहिलेला आवाज ती हसत हसत भेकराचा ठरवते.

तिसरा प्रश्न मुलींचा. यावर आम्ही सभेत फार बोलत नाही, उलट विचारतो. चैत्रात मोह गळू लागला की पहाटे, अजून झुंजुमुंजू व्हायचे असते तेव्हा, टोपली घेऊन रानात कोण जाते? मे महिन्यात तेंदूपत्ता कोण तोडते आणि रात्री बसून त्याचे पुडे कोण बांधते? आपल्या कितीतरी आज्यांनी हेच केले. तेव्हा रान बाईला वर्ज्य नव्हते, कारण घरात पैसा त्यातून येत होता. शिकायला जायचे म्हटले की तेवढे ते वर्ज्य होते! मुलींची झोपण्याची खोली वेगळी असावी, सोबत मंडळाच्या दोन उपासिका असाव्यात, शौचालय जवळ आणि उजेडात असावे. या गोष्टी मागण्याचा पालकांना पूर्ण हक्क आहे आणि त्या नसतील तर शिबिर घेऊच नये.

रविवारी सकाळी गावातल्या मोह वेचणाऱ्या बायांना शाळेत बोलवावे. झाडाखालचा पाचोळा जाळून फुले वेचणे सोपे जाते, पण ती आग पुढे पसरते. पाचोळा झाडून काढणे किंवा जुनी लुगडी अंथरणे हा त्यावर उपाय आहे, मात्र त्याला वेळ आणि हात जास्त लागतात. कोणाचे हात, किती वेळ, हे मुलांनी त्या बायांनाच विचारावे. वाघाच्या भीतीतही त्या रानात का जातात, हेही विचारावे. त्यांचा रोज बुडेल त्याची भरपाई मंडळाने द्यावी. आम्ही ती शिबिराच्या खर्चात धरतो.

शिबिर डिसेंबर-जानेवारीत घ्यावे. थंडी असते, साप कमी फिरतात, आणि तळ्यांवर पाहुणे पक्षी आलेले असतात. येणाऱ्याने मच्छरदाणी, टॉर्च, ब्लँकेट, वही आणि पालकाची सही असलेली चिठ्ठी आणावी. ज्या आईच्या मनात अजून शंका असेल तिने मुलीबरोबर स्वतः यावे. जादा मच्छरदाण्या मंडळाकडे आहेत.